सिंगापूरची अडत

कोल्हापुरातून सिंगापूरला जाणारा माणूस बऱ्याचदा कंपनीच्या पैशानं जातो. खतं-बियाणं, सिमेंट, पंप, टायर, रंग. टार्गेट पुरं झालं की डीलरांची चार रात्री-पाच दिवसांची टूर निघते. विमान, हॉटेल, नाश्ता, बस सगळं कंपनीचं. त्यामुळे स्वतःच्या खिशातून जे जातं त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. शिरोलीचा फाउंड्रीवाला कास्टिंगच्या किलोमागच्या आठ आण्यांसाठी अर्धा तास भांडेल, पण परकीय चलन घेताना समोरच्यानं डॉलरमागं किती काढले हे विचारणार नाही. आणि शेवटच्या रात्री बसमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘चला की, कॅसिनो तरी बघून येऊ. परत कोण येतंय?’

मनी चेंजर आणि कॅसिनो हे दोन धंदे वरवर लांबचे दिसतात, पण दोघांची कमाई एकाच पद्धतीची आहे. मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाला की अडत सौद्याच्या पूर्ण रकमेवर लागते. त्या मालात पुढं कुणाला नफा झाला की तोटा, याच्याशी अडतीचा संबंध नसतो. चलन बदलणारा तेच करतो, कॅसिनोही तेच करतो. फरक एवढाच की यार्डात टक्का आधी ठाऊक असतो आणि इथं तो पट्टीवर छापलेला नसतो. तो काढायचा कसा, हे एकदा समजलं की सिंगापूरचा खर्च बराच आटोक्यात राहतो. पुढं सगळीकडं एक सिंगापूर डॉलर ७० रुपये धरला आहे. तुमच्या वेळचा दर बघून आकडे हलवून घ्या.

आधी चलन. मनी चेंजरला ‘आजचा रेट काय?’ असं विचारू नये. ‘एक लाख रुपये देतो, सगळं धरून हातात किती डॉलर पडतील?’ असं विचारावं. बाजारातला दर ७० असताना त्यानं ७२ नं दिले तर १,४२८ ऐवजी १,३८८ डॉलर मिळतात. चाळीस डॉलर तिथंच गेले. तेवढ्यात हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त खाण्याच्या गाड्यांच्या बाजारात, पाच-सहा जणांचं जेवण होतं. वर जीएसटी लागतो, पण तो किरकोळ आहे: एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का मूल्य धरून त्यावर १८ टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये. बरेच जण या १८० रुपयांवर कुरकुर करतात आणि चाळीस डॉलरबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

चलन अधिकृत मनी चेंजरकडून किंवा बँकेतूनच घ्यावं, पासपोर्ट आणि पॅन दाखवून, पावतीसह. ५० हजार रुपयांपर्यंतचं चलन रोख देऊन घेता येतं, त्यावर पैसे बँकेतूनच द्यावे लागतात. एका प्रवासासाठी ३,००० अमेरिकन डॉलरइतक्या किमतीच्याच नोटा मिळतात, बाकी कार्डावर घ्यायचं. सिंगापूर डॉलर काउंटरवर तयार असतीलच असं नाही, चार दिवस आधी सांगून ठेवावं. ‘अमेरिकन डॉलर घेऊन जा, तिथं बदला’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. रुपयाचे अमेरिकन डॉलर करताना एकदा टक्का जातो, त्याचे सिंगापूर डॉलर करताना पुन्हा जातो. उरलेले परत आणले तर तिसऱ्यांदा. त्यापेक्षा रुपयाच्या नोटा नेल्या तरी चालेल. माणशी २५ हजारांपर्यंत नेता येतात, आणि लिटल इंडियात सय्यद अल्वी रोडवरच्या मुस्तफा सेंटरजवळ रुपयाला बरा दर मिळतो. विमानतळावर मात्र टॅक्सीपुरतंच बदलावं.

नाश्ता-बस कंपनीची असेल तर माणशी दोनशे ते तीनशे डॉलर रोख पुष्कळ होतात. त्यात दहा आणि पाचच्या नोटा मागून घ्याव्यात. हॉकर सेंटरच्या गाड्यावर शंभरची नोट पुढं केली की मावशी आधी तुमच्याकडं बघते, मग नोटेकडं. सुट्ट्यात ब्रुनेईची नोट आली तर फसवलं म्हणून ओरडू नका. १९६७ पासूनच्या करारानं ब्रुनेई डॉलर सिंगापुरात त्याच किमतीला चालतो. पण कोल्हापुरात तो कुणी घेणार नाही, म्हणून तिथंच खपवा.

कार्डाची गोष्ट जरा बारकाईनं बघण्यासारखी आहे. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराला साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, असतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३.५ चे प्रत्यक्षात ४.१३ होतात, लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये. फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डावर, हे टळतं, पण कार्डात सिंगापूर डॉलरच भरले असतील तर. कार्डात अमेरिकन डॉलर असून खरेदी सिंगापूर डॉलरमध्ये झाली, तर बँक ‘क्रॉस करन्सी’च्या नावाखाली पुन्हा तेवढेच कापते. एजंट ‘डॉलर भरले’ म्हणाला की कुठले डॉलर ते विचारा. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं फक्त देशात चालू अशीच येतात, आणि हे सिंगापूरच्या चांगी विमानतळावर रांगेत कळून उपयोग नसतो. टॅप करून पैसे देण्याची सोय चालू ठेवा, एटीएमची बंदच ठेवा. क्रेडिट कार्डावर रोख काढली तर फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून.

यात सर्वांत जास्त पैसे जातात ते दुकानातल्या मशीनच्या एका प्रश्नामुळं. कार्ड लावलं की पडद्यावर दोन आकडे येतात, एक सिंगापूर डॉलरमध्ये, एक रुपयांत. रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडं जातं. तो रुपयाचा दर दुकानदाराच्या बाजूनं ठरलेला असतो आणि त्यात चार-पाच टक्के सहज मिसळलेले असतात; वर काही भारतीय बँका परदेशात रुपयांत व्यवहार केला म्हणूनही फी लावतात. नेहमी सिंगापूर डॉलरच दाबायचं. काउंटरवरची मुलगी न विचारता रुपये दाबून मोकळी झाली असेल तर व्यवहार रद्द करून परत करायला सांगावं, त्यात संकोच कसला?

हॉटेलात शिरताना अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. तिथं फॉरेक्स कार्ड देऊ नये. चेक-आउटनंतर ती रक्कम सुटायला काही दिवस लागतात आणि टूरभर तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. अनामतीला क्रेडिट कार्ड, खर्चाला फॉरेक्स कार्ड. मेट्रोला व्हिसा-मास्टरकार्ड गेटवर टॅप करून चालतं, परदेशी कार्डाला वापराच्या दिवसामागं ६० सेंट जादा. पण माणशी एक कार्ड लागतं, नवराबायकोत मिळून एक चालत नाही, आणि ज्या कार्डानं आत गेलात त्याच कार्डानं बाहेर यायचं. रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढं दोन अधिकची चिन्हं दिसली तर आधी १० टक्के सेवा आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी: शंभराचं बिल १०९ नव्हे, ११९ डॉलर ९० सेंट. वेगळी टीप द्यायची प्रथा नाही.

आणि एक खास आपल्याकडच्या लोकांसाठी. खिशातली तंबाखूची पुडी, मावा, गुटखा विमानात बसण्याआधी टाकून द्या. तोंडात ठेवायची तंबाखू सिंगापुरात बंद आहे, ई-सिगारेट बंद आहे, आणि सिगारेटच्या एका पाकिटालाही करसवलत नाही. दंडाची रक्कम ऐकल्यावर कॅसिनोत हरलेले बरे वाटतील.

आता कॅसिनो. सिंगापुरात ते दोनच: मरीना बे सँड्स आणि सेंतोसा बेटावरचं रिसॉर्ट्स वर्ल्ड. दोन्ही २०१० मध्ये उघडले. पणजीत मांडवीवरच्या बोटींवर आधी हजारो रुपयांचं तिकीट काढायचं आणि त्यात जेवण, दारू, थोडी नाणी मिळवायची, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. इथं परदेशी माणसाला प्रवेश फुकट. वय २१ पूर्ण हवं आणि मूळ पासपोर्ट हवा. मोबाइलमधला फोटो चालत नाही. मोठी बॅग बाहेर ठेवावी लागते, आत फोटो काढायचा नाही, आणि पायात चप्पल असेल तर दारावर अडवतील. कापशीची चप्पल कितीही कर्रकर्र वाजू दे, तिथल्या गार्डला ती स्लीपरच दिसते. बूट घालून जा.

फुकट प्रवेशाचं कौतुक करण्याआधी शेजारची रांग बघा. तिथं सिंगापूरचे नागरिक आणि कायम रहिवासी उभे असतात, आणि त्यांना चोवीस तासांच्या प्रवेशासाठी १५० डॉलर मोजावे लागतात. सुरुवातीला ते १०० होते, २०१९ मध्ये वाढवले. वर्षाचा पास ३,००० डॉलर. माणूस स्वतःहून आपलं नाव बंदीच्या यादीत घालू शकतो, घरचे लोकही त्याच्यावर बंदी आणवू शकतात. कॅसिनोच्या आत एटीएम लावायला कायद्यानं मनाई आहे. ज्या सरकारनं हे कॅसिनो बांधू दिले त्यानं आपल्या माणसांसाठी दारातच दहा हजार रुपयांची अडसर टाकली. पाहुण्यांसाठी टाकली नाही, कारण पाहुण्यांचेच पैसे हवे होते. महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. दोन्ही सरकारांच्या मनात भीती एकच असावी, उपाय मात्र निराळे.

आत गेल्यावर टेबलावर बसण्याआधी कडेला उभं राहून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघावं. कुणी हटकत नाही. प्रत्येक टेबलावर कमीत कमी किती लावायचे याची पाटी असते, आणि शनिवारी रात्री तो आकडा चढलेला असतो. पैसे टेबलावर खेळ चालवणाऱ्या डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. ते वर छतातल्या कॅमेऱ्याला दिसावे म्हणून. रुलेटवर, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळात, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची नाणी देतात आणि त्यांची किंमत त्या टेबलापुरतीच असते. उठताना ती तिथंच साध्या चिप्समध्ये, म्हणजे कॅसिनोभर चालणाऱ्या नाण्यांत, बदलून घ्यायची, खिशात घालून काउंटरवर नेली तर उपयोग नाही. ‘नो मोअर बेट्स’ म्हटल्यावर टेबलाकडं हात नेऊ नये.

टक्का कसा काढायचा, ते रुलेटवर सहज दिसतं. एका शून्याच्या चाकावर ३७ खाने. एका आकड्यावर लावून जिंकलं तर ३५ पट मिळतात. तंतोतंत न्याय करायचा तर ३६ पट द्यायला हवे होते. तो एक घास कॅसिनोचा, म्हणजे सदतिसात एक, २.७० टक्के. काही चाकांवर दोन शून्यं असतात, तिथं तोच टक्का ५.२६ होतो. बाकी सगळं सारखंच दिसतं, म्हणून बसण्याआधी शून्याचे हिरवे खाने मोजा. लाल-काळ्यावर लावा नाहीतर आकड्यावर, टक्का तोच राहतो.

पण हा टक्का खिशातल्या पैशावर नसतो, टेबलावरून फिरलेल्या एकूण पैशावर असतो, आणि इथंच चांगला हिशेबी माणूसही चुकतो. समजा २५ डॉलरचं टेबल आहे आणि तासाला ४० वेळा चाक फिरतं. उलाढाल झाली १,००० डॉलरची. त्याचे २.७ टक्के म्हणजे २७ डॉलर, १,८९० रुपये. ही त्या तासाची अडत, सरासरीनं. प्रत्यक्षात लाल-काळ्यावर खेळलेला तास १८५ डॉलर तोटा ते १३१ डॉलर फायदा यांच्या मधे कुठंतरी संपतो, तीनातल्या साधारण दोन वेळा. म्हणजे तासाभरानं उठलेल्या दहा जणांतले तीन-चार जण खरोखर फायद्यात असतात. परतीच्या बसमध्ये मोठ्यानं बोलणारे तेच. बाकीचे खिडकीतून बाहेर बघत असतात, त्यामुळे गावात पोचते ती बातमी जिंकल्याचीच.

याच गणितातून पुढची गोष्ट निघते. शंभर डॉलर, म्हणजे सात हजार रुपये, घेऊन २५ च्या टेबलावर बसणं म्हणजे चार डाव. पाच मिनिटांत उठावं लागू शकतं आणि मग ‘अजून शंभर’ सुरू होतं. टेबलावर तासभर निवांत बसायचं तर किमान वीस डावांचे पैसे, ५०० डॉलर, ३५ हजार रुपये हवेत; तेही गेले तरी झोप लागेल असे. बहुतेकांसाठी याचं सरळ उत्तर ‘टेबलावर बसू नये’ हेच आहे. तरीही खेळायचंच असेल तर पडद्यावरची इलेक्ट्रॉनिक रुलेट बरी, तिथं कमीत कमी रक्कम टेबलापेक्षा कमी असते. पाच डॉलरनं तासाला पन्नास डाव खेळले तर सरासरी खर्च सात डॉलरच्या आत.

स्लॉट मशीन स्वस्त वाटतं, कारण एका वेळी डॉलरभरच जातो. पण बटण दाबणाऱ्याचा वेग बघा: सहा सेकंदांना एकदा, तासाला ६००. कॅसिनोचा टक्का मशीनवर लिहिलेला नसतो. ८ धरला तर तासाला ४८ डॉलर. म्हणजे एक डॉलरचं मशीन २५ डॉलरच्या टेबलापेक्षा महाग पडलं.

सगळ्यात गर्दी बाकाराच्या टेबलांवर असते. तीन पानी खेळणाऱ्या माणसाला वाटतं, पत्ते आहेत म्हणजे आपलं डोकं चालेल. बाकारात डोकं चालवायला जागाच नाही. तिसरं पान कधी घ्यायचं ते नियमानं ठरलेलं असतं, ना ब्लाइंड ना शो. बँकर आणि प्लेअर या दोन बाजूंपैकी कुठली जिंकेल एवढ्यावरच पैसे लावायचे. बँकरवर लावलं तर टक्का १.०६, प्लेअरवर १.२४, आणि ‘टाय’वर, म्हणजे बरोबरीवर, जिथं आठ पट मिळतात म्हणून हात वळतो, १४ च्या वर. बँकर जिंकल्यावर ५ टक्के कमिशन कापतात ते या हिशेबात धरलेलं आहे. ‘नो कमिशन’ अशी पाटी असेल तर खुश होऊ नका. तिथं बँकर सहा गुणांवर जिंकला की निम्मेच पैसे देतात आणि टक्का १.४६ वर जातो. टेबलाशेजारी मागच्या डावांच्या निकालांचा फलक असतो, लाल-निळ्या गोळ्यांचा. आकड्यांचे चार्ट काढणाऱ्यांना तो बघताक्षणी आपला वाटेल. कॅसिनो स्वतःच्या खर्चानं तो फलक लावतो, कागद-पेन्सिलही देतो, यावरून त्याचा उपयोग कुणाला आहे ते ओळखावं.

ब्लॅकजॅकमध्ये टेबलाच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एकवीस, लागल्यावर ३ ला २ असेल तर शंभरावर १५० मिळतात, ६ ला ५ असेल तर १२० च. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा लागतो. या एका ओळीनं कॅसिनोचा टक्का जवळजवळ दीडनं वाढतो.

हरलं की दुप्पट लावायचं, एकदा तरी जिंकणारच, ही युक्ती प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी नव्यानं शोधून काढतो. पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे, चारशे, आठशे, सोळाशे. सलग सात डाव हरले की ३,१७५ डॉलर गेले, सव्वादोन लाख रुपये, आणि हे सगळं कशासाठी तर २५ डॉलर जिंकण्यासाठी. सात डाव सलग कुठं हरतंय? एका शून्याच्या चाकावर, लाल-काळ्यावर लावलं तर, ४० फेऱ्यांत असं घडण्याची शक्यता साधारण १५ टक्के आहे, आणि आठव्या वेळी टेबलावरची कमाल मर्यादा आडवी येऊ शकते ती वेगळीच.

पैसे संपल्यावर बाहेर कुणी आपुलकीनं उसने द्यायला आला, तर त्याच्याशी बोलूही नये. बिगरपरवाना सावकारी तिथं गुन्हा आहे आणि वसुलीची त्यांची रीत आपल्याकडच्या खासगी सावकाराला लाजवील अशी. पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नये, ग्रुप लीडरच्याही नाही. कार्ड घासून चिप्स घेण्याचाही प्रयत्न नको: भारतीय बँकांच्या कार्डांच्या अटींत जुगार, लॉटरी, सट्टा यांना मनाई असते आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांत लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक वगैरेंसाठी परदेशी पैसे पाठवणं बंद आहे. प्रवासासाठी घेतलेलं चलन टेबलावर लावणं कुठं बसतं, हे निघण्यापूर्वी आपल्या सीएला विचारून घ्यावं. जिंकलात तर सिंगापूर त्यावर कर लावत नाही, भारत लावतो: सरसकट ३० टक्के, वर उपकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. सोमवारी ४०० जिंकून मंगळवारी ४०० हरलेल्या माणसाचा फायदा शून्य, करपात्र रक्कम ४००.

हे सगळं वाचून बूट काढून ठेवावेत असं वाटलं तर मरीना बे सँड्सच्याच इमारतीपुढं पाण्यावर रोज रात्री ‘स्पेक्ट्रा’ नावाचा प्रकाश-कारंज्यांचा खेळ होतो, तो फुकट. मागं गार्डन्स बाय द बेमध्ये ७.४५ आणि ८.४५ ला मोठ्या लोखंडी झाडांवर दिव्यांचा नि संगीताचा कार्यक्रम, तोही फुकट. पावणेआठचा तिकडचा बघून चालत आलं तर रात्री नऊचा इकडचा मिळतो.

परतीच्या दिवशी तीन कामं. एका दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी झाली असेल आणि दुकानात पासपोर्ट दाखवून नोंद केली असेल, तर ९ टक्के जीएसटीतला बराचसा भाग चांगीवर परत मिळतो. पण वस्तू चेक-इनच्या बॅगेत घालायच्या असतील तर बॅग देण्याआधी मशीनवर अर्ज करा, नंतर तिकडच्या कस्टमला वस्तू दाखवता येत नाहीत. नाणी तिथंच संपवा, मनी चेंजर फक्त नोटा घेतो. आणि २०,००० सिंगापूर डॉलरच्या वर रोख जवळ असेल तर तिथून निघताना सांगावं लागतं, भारतात उतरताना ५,००० अमेरिकन डॉलरच्या वर नोटा असतील तर इथंही.

घरी आल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांच्या आत परत करायचं. २,००० अमेरिकन डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या खेपेसाठी ठेवता येतात. फॉरेक्स कार्डातली शिल्लक तशीच पडू देऊ नका, न वापरलेल्या कार्डावर काही बँका वार्षिक फी कापत राहतात. आणि टूर स्वतःच्या पैशानं केली असेल तर टूर कंपनीनं पॅकेजवर टीसीएस घेतलेला असतो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलतो, पण तो खर्च नव्हे, तुमच्या पॅनवर जमा झालेला आगाऊ कर आहे. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, तो आकडा दिसतोय का बघा आणि रिटर्न भरताना पावतीसह सीएच्या हातात द्या. बुकिंग करताना पॅन बायकोचा दिला असेल तर तिच्या रिटर्नमध्ये.